वाडीवर रेंज नाही, तरी फोनला ठिकाण सापडतं



लोणच्यावर येणाऱ्या बुरशीबद्दल या खेपेला लिहीन, असं मी कबूल केलं होतं. ते पुढच्या अंकात नक्की. मध्येच एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून बरण्यांबद्दल लिहायला हात चालेना.

पत्र पाटण तालुक्यातल्या डोंगराळ भागातल्या एका आशाताईंचं आहे. गेल्या श्रावणातली गोष्ट. वरच्या धनगरवाड्यावर एका पहिलटकरणीला संध्याकाळी कळा सुरू झाल्या. वाडीवर रेंज नाही. खिंडीत गेलं तर एखादी काडी मिळते. गाडीवाला नवीन, त्याला वाडी माहीत नाही, आणि त्या मुलुखात धनगरवाडे काय एक आहेत? म्हणून ताईंनी पडवीत उभं राहून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लोकेशन’ दाबलं. थोडा वेळ चक्र फिरलं, मग ठिकाण आलं, पाठवलं. रेंज नसल्यानं घड्याळाचं चिन्ह दिसत राहिलं. दिराच्या हाती फोन देऊन त्याला खिंडीत पिटाळलं. तिथं काडी मिळाली, ठिकाण गेलं, दीर माघारी वळला. जीप निघाली आणि जाऊन थांबली कुठं, तर बाजारपेठेत! ताई दुपारी तिथं लसीकरणाच्या कामाला होत्या. फोननं दुपारचंच ठिकाण पाठवलं होतं. दीड तास वाया गेला. बाळ जीपमध्येच जन्मलं, घाटाच्या मधोमध. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, म्हणून हे पत्र हसत हसत लिहिते आहे, असं ताई म्हणतात. पण त्यांचे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. फोन खोटं का बोलला? आणि रेंज नसेल तिथं फोनला खरं ठिकाण लवकर सापडावं यासाठी काही करता येतं का?

येतं, ताई. बरंच काही येतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळ जणींना वाटतं की रेंज नाही म्हणजे जीपीएसही नाही. तसं नसतं. रेंज येते मोबाईलच्या टॉवरवरून आणि जीपीएस येतं आकाशातून. दोघांचा एकमेकांशी जन्माचा संबंध नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसएक उपग्रह फिरत असतात, दिवसातून दोनदा पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात. ते सारखे एकच सांगत असतात: ‘मी अमुक, मी या जागी आहे आणि आता इतके वाजले आहेत.’ आपला फोन फक्त ऐकतो. उलट उत्तर देत नाही, कुणाला विचारत नाही, अगदी रेडिओसारखं. संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागला यावरून उपग्रह किती लांब आहे ते फोन ओळखतो, आणि अशा चार उपग्रहांची अंतरं जुळली की आपण कुठं उभ्या आहोत हे त्याला कळतं. हा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जमिनीवर ३०० मीटरचा फरक पडतो. नुसतं अमेरिकेचंच नव्हे हं, रशिया, युरोप आणि चीन यांचेही असे उपग्रह आहेत, आणि आपल्या इस्रोनं २०१३ पासून ‘नाविक’चे सोडले. अलीकडचे फोन यांतल्या पुष्कळांचं ऐकतात, म्हणून त्यांना ठिकाण लवकर सापडतं. जुना, साधा फोन एकट्या जीपीएसवर अवलंबून असेल तर त्याला जरा जास्त वेळ द्यायचा.

जाता जाता सांगते. या जीपीएसच्या मुळाशी पृथ्वीच्या नेमक्या आकाराचं जे गणित आहे, त्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. ग्लॅडिस वेस्ट त्यांचं नाव. अमेरिकेत व्हर्जिनियात शेतकऱ्याच्या घरी १९३० साली जन्मल्या, काळ्या वर्णाच्या म्हणून त्या काळचे सगळे चटके सोसले, आणि १९५६ पासून आरमाराच्या संशोधन केंद्रात आकडेमोड करत राहिल्या. त्यांच्या कामाचा मोठा गौरव झाला तो २०१८ साली. असो.

मग रेंज नसली की वेळ का लागतो? त्याचं असं आहे. कुठला उपग्रह कुठं आहे हे आधी ठाऊक असल्याशिवाय फोनला हिशेब मांडता येत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे सगळ्या उपग्रहांचं पंचांग. ते ढोबळ असतं, पण पुष्कळ दिवस चालतं. दुसरी म्हणजे प्रत्येक उपग्रहाची आत्ताची, नेमकी जागा. ती जेमतेम चारएक तास चालते, मग शिळी होते. रेंज असेल तेव्हा फोन हे सगळं इंटरनेटवरून चुटकीसरशी मागवतो, टॉवरवरून आपण साधारण कुठं आहोत तेही ओळखतो, आणि पाच-दहा सेकंदांत ठिपका दाखवतो. रेंज नसेल तर मात्र हे सारं उपग्रहाच्याच तोंडून ऐकावं लागतं, आणि उपग्रह बोलतो फार सावकाश. आपली जागा सांगायला त्याला १८ सेकंद लागतात आणि ती तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. सगळं पंचांग सांगायचं तर साडेबारा मिनिटं! त्या १८ सेकंदांत मध्येच झाड आडवं आलं, आपण पडवीत शिरलो, की ऐकलेलं अर्धवट राहतं आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. असं चार उपग्रहांचं व्हायला हवं. म्हणजे घाईघाईनं फोन हातात घेऊन पळत सुटलेल्या बाईला ठिकाण का सापडत नाही ते कळलं ना?

मला हे चुलीसारखं वाटतं. तासाभरापूर्वीच ठिकाण सापडलेलं असेल तर निखारे जिवंत आहेत. फुंकर घातली की पेटलं. कालपासून फोन बघितलाच नसेल तर राख गरम आहे पण काटक्या नव्यानं घालायला हव्यात. मिनिटभर तरी लागतं. आणि महिनाभर बंद पडलेला फोन किंवा शेकडो मैल लांब नेऊन सुरू केलेला फोन म्हणजे गारठलेली चूल. तिथं दहा-बारा मिनिटंही जातात. तेव्हा चूल पुरती विझू द्यायची नाही, ही पहिली युक्ती.

वाडीवर निघण्यापूर्वी, जिथं रेंज आहे तिथंच, बाजारपेठेत म्हणा किंवा आरोग्य केंद्राच्या अंगणात, इंटरनेट चालू ठेवून नकाशा उघडा आणि निळा ठिपका जागेवर बसेपर्यंत थांबा. दोन मिनिटांचं काम आहे. एवढ्यानं ताजी माहिती फोनच्या गाठीशी बसते. पुष्कळ फोन पुढच्या काही दिवसांचा अंदाजही त्याच वेळी उतरवून ठेवतात. मग वाटेत तास-दीड तासानं मोकळ्या जागी पुन्हा एकदा उघडून बघायचं. तिथल्या भागाचा नकाशाही तेव्हाच फोनमध्ये उतरवून ठेवा, नाहीतर ठिपका बरोबर लागतो आणि भोवती नुसता कोरा कागद दिसतो. गूगलच्या नकाशात ही सोय आहे, पण रेंज नसताना तो गाडीचा रस्ता तेवढा सांगतो, पायवाट सांगत नाही, हे ध्यानात असू द्या.

आता प्रत्यक्ष वाडीवर. ताई, तुमची खरी चूक पडवीची. पडवीवर पत्रा होता, तुम्हीच लिहिलं आहे. पत्र्यातून उपग्रहाचा आवाज आत येत नाही. सिमेंटच्या स्लॅबखालीही जवळजवळ नाहीच. कौलारू घरात कधी लागतं, कधी नाही. आकाश दिसलं पाहिजे, आणि नुसती फट नव्हे, चांगलं परातीएवढं मोकळं आकाश. डोंगराच्या कड्याला लागून उभं राहिलात तर अर्धं आकाश त्या कड्यानंच खाल्लेलं असतं. खळं, शाळेचं पटांगण, सडा अशा जागी जा. दाट झाडाखाली नको, आणि पावसानं पानं निथळत असतील तर मुळीच नको. पण आकाशात ढग आहेत, धुकं आहे, पाऊस पडतो आहे म्हणून ठिकाण लागत नाही, हे मात्र खरं नाही. ढगांचं आणि धुक्याचं या संदेशांना काही वाटत नाही. आपल्याला पावसात उभं राहायला नको असतं आणि आपण पत्र्याखाली शिरतो, एवढंच ते! फोन भिजण्याची भीती असेल तर साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आतून चंदेरी अस्तर असलेली पिशवी मात्र नको. ती पत्र्यासारखीच आड येते. फोनला धातूचं कव्हर असेल तर तेही काढा.

आणि मग फोन हातात घट्ट धरून ठेवू नका. आपलं अंग आणि हात पाण्यानं भरलेले. तेही संदेश अडवतात. सगळ्यांत उत्तम म्हणजे अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यावर पडदा वर करून फोन उताणा ठेवायचा आणि दोन पावलं मागं सरकायचं. पडदा उजळलेला राहू द्या, बॅटरी वाचवायची सोय बंद ठेवा. पडदा मिटला की काही फोन शोधणंच थांबवतात. चालायचं नाही, ‘लोकेशन’ बंद-चालू, बंद-चालू करायचं नाही. दर खेपेला पहिल्यापासून सुरुवात होते. भात शिजत असताना दर मिनिटाला झाकण काढणाऱ्या सुनेला सासू काय म्हणते, ते आठवा.

मी हे घरी करून पाहिलं. आदल्या रात्री फोन बंद करून ठेवला आणि सकाळी विमानातली सोय, म्हणजे ‘एअरप्लेन मोड’, चालू करून स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. दहा मिनिटांत काही नाही. गच्चीत पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवला, तर सव्वा मिनिटात लागला. दुसऱ्या दिवशी तसंच सगळं करून आमच्या अरुंद गल्लीतून भाजी आणायला चालत गेले. मंडई आली तरी ठिपका हललाच नव्हता. मंडईसमोरच्या मैदानात उभी राहिले आणि शंभर आकडे मोजेपर्यंत लागला. भाजीवाली विचारत होती, बाई, आकाशात काय बघताय?

‘एअरप्लेन मोड’चं नाव घेतलं म्हणून सांगते, हीही एक उपयोगी गोष्ट आहे. रेंज नसेल तिथं फोन सारखा टॉवरला हाका मारत बसतो आणि बॅटरी संपवतो. वाडीवर पोचलात की तो मोड चालू करा. हाका थांबतात, ऐकणं चालूच राहतं. जीपीएसला त्यानं काही बाधा येत नाही. फक्त खिंडीत आलात की बंद करायला विसरू नका, नाहीतर हातात काडी असून फोन लागणार नाही. बॅटरी पार संपून फोन बंद पडला असेल आणि वाडीवरच पुन्हा चालू केला, तर तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, तेही बघून घ्या. कुठला उपग्रह या वेळी डोक्यावर असेल हे फोन घड्याळावरूनच ताडतो.

आणखी एक. अँड्रॉइडच्या फोनवर उपग्रह दाखवणारी ‘जीपीएसटेस्ट’, ‘जीपीएस स्टेटस’ यांसारखी अ‍ॅप मिळतात. किती उपग्रह ऐकू येत आहेत हे त्यांत दिसतं, त्यामुळे आपण धीर धरतो; चार-पाच रेघा उंच झाल्या की आता लागेल, असं समजायचं. पण त्यांत माहिती पुसून टाकण्याचं एक बटण असतं, ‘रीसेट’ म्हणून. भाचेमंडळी मोठ्या आत्मविश्वासानं ते दाबायला सांगतात. रेंज असेल तेव्हा ते दाबून लगेच नवी माहिती उतरवून घेता येते. रेंज नसलेल्या वाडीवर दाबलंत, तर उरलेसुरले निखारेही पाण्यात घातलेत म्हणून समजा.

आता ताईंचा पहिला प्रश्न, फोन खोटं का बोलला? तो खोटं बोलला नाही, शिळं बोलला. नवं ठिकाण सापडलं नाही की पुष्कळ वेळा फोन शेवटचं माहीत असलेलंच पुढं करतो. ओळखायचं कसं? गूगलच्या नकाशात ठिपका निळा असेल तर ताजा, करडा असेल तर जुना. निळ्याभोवती मोठं फिकट वर्तुळ असेल तर फोनची अजून खात्री नाही. ते आकसून लहान होऊ द्या. मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत नेमकं ठिकाण मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतानाही किती मीटरपर्यंत अचूक आहे ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तिथं हजार-दोन हजार दिसलं तर पाठवूच नका. आणि ठिपका निळा असला तरी नकाशाकडे एकदा डोळ्यांनी बघा: ओढा कुठल्या हाताला आहे, खिंड कुठं आहे? तुम्हाला तो मुलूख फोनपेक्षा जास्त माहीत आहे.

मला विचाराल तर मी अडल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबणारच नाही. त्याला इंटरनेट लागतं. खिंडीतल्या एका काडीवर इंटरनेट चालत नाही, पण साधा एसएमएस निघून जातो आणि बोलणंही होतं. म्हणून ठिकाणाचे आकडे लिहून घ्यायचे. गूगलच्या नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. आयफोनच्या होकायंत्रात ते आपोआपच दिसतात. पहिला आकडा अक्षांशाचा, दुसरा रेखांशाचा. पाटण गावाचे साधारण १७.३७ आणि ७३.९० असे आहेत. पण दशांश चिन्हापुढं दोनच आकडे लिहिलेत तर एक किलोमीटर इकडेतिकडे होतं. डोंगरात एक किलोमीटर म्हणजे मधे दरी. चार आकडे लिहिले की फरक दहा-अकरा मीटरांवर येतो. पाच लिहा, म्हणजे झालं. आकड्यांची उलटापालट होऊ नये म्हणून एक खूण सांगते: महाराष्ट्रात कुठंही असा, पहिला आकडा साडेपंधरा ते बावीसच्या आसपासच असणार आणि दुसरा साडेबहात्तर ते एक्याऐंशीच्या. फोनवर सांगताना एकेक आकडा सुटा सांगा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. १०८ ला किंवा ११२ ला फोन केलात तर गावाचं, वाडीचं आणि तालुक्याचं नाव आधी, आकडे नंतर.

आणि ताई, सगळ्यांत मोठी गोष्ट मी शेवटी ठेवली, पण खरं तर तीच आधी करायला हवी. वाडी काही जागची हलत नाही. कळा सुरू झाल्यावर रात्री पावसात उपग्रह शोधायची वेळ यावीच कशाला? या महिन्यात भेटीला जाल तेव्हा दिवसाउजेडी, निवांतपणी, तुमच्याकडच्या प्रत्येक वाडीवर तुळशीच्या कट्ट्यावर फोन ठेवा, वर्तुळ लहान होऊ द्या, आणि आकडे तुमच्या डायरीत मागच्या पानावर शाईनं लिहा. तिथंच दुसऱ्या ओळीत गाडी जिथपर्यंत येते त्या जागेचे आकडे लिहा, कारण गाडीवाल्याला घराचे आकडे देऊन उपयोग नाही. तो ओढ्याच्या पलीकडे उभा राहून हॉर्न वाजवत बसेल. पावसाळ्यात गाडी अलीकडेच थांबत असेल तर तीही जागा वेगळी लिहा. मग त्याच पानाची नक्कल अंगणवाडीच्या भिंतीवर लावा, एक सरपंचांकडे द्या आणि एक तुमच्या भागातल्या वडापवाल्यांकडे. पुढच्या वेळी दीर खिंडीत जाईल तो फोनमधलं घड्याळाचं चिन्ह घेऊन नव्हे, तर हातात चिठ्ठी घेऊन. ती वाचायला त्याला एक काडी पुरे. मात्र निघताना त्याला बजावा, गाडीवाल्यानं आकडे परत म्हटल्याशिवाय वाडीकडे वळायचं नाही.

अशाच डोंगरातल्या आणखी कुणी मैत्रिणी असतील, तर तुमच्याकडे फोनला ठिकाण लागायला किती वेळ लागतो आणि कुठल्या जागी लवकर लागतं, ते मला जरूर कळवा. जव्हार-मोखाड्याकडच्या आणि अक्कलकुव्याच्या भगिनींची पत्रं आली तर मला फार हवी आहेत. पाकिटावर ‘फोनचं ठिकाण’ असं लिहा, म्हणजे लोणच्याच्या पत्रांत मिसळणार नाही.

ता. क. – बाळाचं नाव काय ठेवलं ते ताईंनी पत्रात लिहिलेलं नाही. तेही कळवा.